जमिनीला धरून आलेला धूर

भुताचं ड्रॉइंग मी ट्रेस केलं, तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. तोवर व्हॉल्व्ह, फ्लँज, बेअरिंगच्या बैठका असलं काहीबाही मी शाईने उतरवत असे. इंदूरहून आलेली, ड्रॉइंग ऑफिसातली सगळ्यांत नवी ट्रेसर. एका शनिवारी सुटीचा भोंगा झाल्यावर आमचे हेड ड्राफ्ट्समन माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, खासगी काम आहे, कागद माझा आहे, शाई माझी आहे, नको असेल तर मोकळेपणी नाही म्हणा.

मी गुंडाळी उलगडली. प्लॅन, एलेव्हेशन आणि साइड व्ह्यू, अशा तिन्ही बाजूंनी काढलेलं एक मुंडकं होतं. सुळे अडीच इंचांचे. जबड्याला बिजागरी, तिच्यातून मागे गेलेली सायकलच्या ब्रेकची केबल. कानामागे बाण काढून लिहिलं होतं, 'केस घोड्याच्या शेपटीचे, लांबी ९ ते ११ इंच.' आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे एरवी सुट्या भागाचं नाव असतं तिथे, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरांत: 'भूत. मुख्य जोडणी.'

मी स्केल विचारलं.

"निम्मं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "बाकीच्यांनी 'हे काय' असं विचारलं. तुम्ही स्केल विचारलंत."

आम्ही त्यांना साहेब म्हणत असू. सेक्शनमध्ये मराठी, बंगाली, मल्याळी, बुंदेलखंडी सगळे होते आणि सगळेच त्यांना साहेब म्हणत. खरं तर त्यांच्या वर तीन पायऱ्या साहेब बसलेले होते, पण त्यांना लोक हुद्द्याने ओळखत. हे मिरजेकडचे, भोपाळच्या या कारखान्याची पहिली भरती झाली तेव्हा आलेले. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, बरखेड्यात क्वार्टर. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. ती पट्टी पेनासारखी दिवसातून वीसदा बाहेर यायची. कँटीनमधला समोसा पायथ्याशी दोन सुतांनी, म्हणजे पाव इंचाने, कमी झाला आहे, हे त्यांनी ठेकेदाराला पट्टी लावून दाखवलं होतं. ठेकेदार वैतागला, पण दुसऱ्या आठवड्यात समोसा मूळ मापावर आला. कुणी लग्नाची पत्रिका दिली की मागच्या बाजूचा कार्यालयाचा नकाशा आधी बघायचे, त्यात चूक असली तर दुरुस्त करून पत्रिका परत द्यायचे. लग्नाला न चुकता जायचे. त्यांच्या घराचा पत्ता विचारला तर सांगायचे, गेटापासून चारशे दहा पावलं, पण माझी; तुमची पाचशेच्या वर जातील.

"डोळ्यांचा अंदाज म्हणजे आळस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी नवीन असताना एका मोठ्या शीटवर, काम संपत आलेलं असताना, शाईचा थेंब सांडला. मी रडायच्या बेतात होते. साहेबांनी खुर्ची ओढली, दाढीचं अर्धं ब्लेड काढलं आणि दीड तास तो डाग खरवडत बसले. ट्रेसिंगच्या कापडाला ओरखडा न पडता वरचा शाईचा थर तेवढा निघाला. उठताना म्हणाले, आता इथे पुन्हा रेघ मारा, कुणाला कळणार नाही.

त्यांच्या पत्नी टाउनशिपच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. मी त्यांना काकू म्हणत असे. काकूंनी एकदा मला सांगितलं होतं, की मुलगी बघायला आले तेव्हा यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या वडलांना विचारलं, या खोलीचं छत साडेअकरा फूट आहे का. ते बारा होतं. "त्या सहा इंचांसाठी हे आजही हळहळतात," काकू म्हणाल्या.

सिनेमाचं प्रकरण काकूंच्या भावामुळे सुरू झालं. टाउनशिपच्या महाराष्ट्र मंडळाचा गणपतीतला देखावा दर वर्षी साहेब करायचे. एका वर्षी त्यांनी कालियामर्दन केलं. नागाचे पाच फणे वेगवेगळ्या वेळी हलायचे आणि तोंडातून वाफ यायची. पिपलानी, गोविंदपुऱ्यापासून लोक बघायला आले. त्या गर्दीत काकूंचे धाकटे भाऊ होते, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे एक मित्र, जे मुंबईत लहानमोठे हिंदी सिनेमे काढायचे. त्या मित्रांनी भोपाळजवळच्या एका पडक्या कोठीत, जुन्या हवेलीत, भुताचा सिनेमा करायचं ठरवलं होतं. कोठी मिळाली होती, नायक-नायिका मिळाले होते. भूत मिळत नव्हतं.

साहेबांनी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत सलग चार दिवसांच्या वर रजा घेतली नव्हती. त्यांनी पाच आठवड्यांचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात 'भूतनिर्मिती' लिहिलं. वरच्या साहेबांनी बोलावून 'घरगुती काम' असं लिहायला सांगितलं, तर म्हणाले, खोटं कसं लिहू.

मी त्यांच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात जाऊन ते सगळं होताना पाहिलं आहे. मुंडकं कागदाच्या लगद्याचं, वर रबर. डोळ्यांत टॉर्चचे बल्ब. पण साहेबांचं खरं लक्ष मुंडक्यात नव्हतंच. कथा अशी होती की जहागीरदाराने तळघरात कोंडून मारलेला कुणी एक मांत्रिक, त्याचं भूत कोठीत फिरतं. ते येण्याआधी धूर येतो. साहेब म्हणायचे, भूत दिसलं की भीती संपली. ते येतंय हे कळतं तेवढाच वेळ भीतीचा. म्हणून धूर नीट झाला पाहिजे.

धूर कोरड्या बर्फाचा करायचा होता. गरम पाण्यात टाकला की पांढरे लोट निघतात. पण ते लोट भसकन वर यायचे, आणि साहेबांना ते नको होतं. "वर जाता कामा नये," ते अंगणात उकिडवे बसून सांगत होते. "जमिनीला धरून आला पाहिजे. दाराच्या फटीतून. घाई न करता." त्यांनी पत्र्याचा एक लांबट, चपटा ट्रे बनवला, त्याला पुढच्या बाजूला तीन सुतांची फट. तीन आठवडे ती फट कमी-जास्त करत होते. अखेर एक दिवस स्वयंपाकघराच्या दाराखालून धूर आत आला, फरशीवर पसरला, काकूंच्या पावलांशी आला आणि त्यांच्या टाचांभोवती वळला. काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी खाली पाहिलं आणि दचकून मागे सरल्या. साहेब अंगणातून विचारत होते, काय झालं, काय झालं. काकू म्हणाल्या, "झालं तुमचं. आता बंद करा."

शूटिंग झालं, पण सिनेमा लगेच आला नाही. नायकाने मध्येच दुसरी कामं धरली, थोडा भाग राहिला तो राहिलाच. त्याच दरम्यानच्या हिवाळ्यात जुन्या शहराच्या बाजूला एका कारखान्यातून विषारी वायू सुटला. लोक झोपेत गेले, रस्त्यांवर पळता पळता गेले. टाउनशिप शहराच्या दुसऱ्या टोकाला, वारा आमच्याकडे नव्हता. आम्हाला सकाळी कळलं. आम्ही पोळ्या करून पाठवल्या, पांघरुणं गोळा केली, काकूंच्या शाळेत कितीतरी माणसं येऊन राहिली. ती हळूहळू गेली. मग आमचा भोंगा पुन्हा वेळेवर वाजू लागला आणि आम्ही फ्लँज काढू लागलो. भोपाळमध्ये आजही काळ गॅसच्या आधी आणि गॅसच्या नंतर असा मोजतात. पण टाउनशिपमध्ये आम्ही ते फक्त शब्दांत मोजत होतो, हे मला खूप नंतर कळलं.

सिनेमा लागला तो त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी. आधी नव्या शहरातल्या एका थेटरात. पहिल्या रविवारी आमचा अख्खा सेक्शन बायकामुलांसह मॅटिनीला गेला. श्रेयनामावलीत साहेबांचं नाव आलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढचे दोन तास लोक हसले. भुताच्या पाठीची चेन दिसत होती. एका प्रसंगात भुताच्या मनगटावर घड्याळ होतं. आणि जबडा, ज्याची बिजागरी मी स्वतः शाईने काढली होती, तो ऐन वेळी उघडाच राहायचा. भूत नायिकेला धमकावत होतं आणि तोंड मिटत नव्हतं. मागून कुणीतरी सांगितलं, "चाचा, पहले दाँत दिखा लो किसी को." थेटर कोसळलं. मीही हसले. तोंडावर रुमाल धरून, पण हसले. साहेब माझ्या पुढच्या रांगेत होते. त्यांची मान पूर्ण वेळ ताठ होती. धूर आला तेव्हा थोडं शांत झालं खरं, पण तेवढ्यात आमच्यातल्याच एकाने, दूध उतू गेलं वाटतं, असं म्हटलं आणि तेही गेलं.

दुसऱ्या कुणी सिनेमाचं नाव टाकलं असतं. साहेब सोमवारपासून रोज ड्यूटी संपवून सिनेमाला जाऊ लागले. हातात वही. शनिवारी त्यांनी मला एक आलेख दाखवला. आडव्या रेघेवर सिनेमाची मिनिटं, उभ्या रेघेवर हसणं. हसण्याच्या त्यांनी पाच पायऱ्या पाडल्या होत्या: स्मित, फिसकन, मोकळं, पोट धरून, आणि शिट्टीसह. जबडा सगळीकडे शिट्टीसह होता. "केबलला ग्रीस कमी पडलं," ते म्हणाले. "दोष माझाच. पण धूर बघा. धुरावर स्मित आहे फक्त. आणि तेही आपल्या लोकांचं." मला त्यांच्याकडे बघवेना. पाच आठवड्यांच्या रजेतलं एवढंच त्यांच्या हाती उरलं होतं.

मग सिनेमा जुन्या शहरात, स्टेशनपलीकडच्या एका थेटरात गेला. साहेबांना अंधारात घड्याळ आणि वही दोन्ही जमत नव्हतं, म्हणून त्यांनी मला स्टॉपवॉच धरायला बोलावलं. काकूही आल्या. तीनचा खेळ होता.

तिथलं हसणं निराळं होतं. आमच्या लोकांच्या हसण्यात, आपण यापेक्षा शहाणे आहोत, हे होतं. इथे बायका मुलांना मांडीवर घेऊन, एकमेकींच्या खांद्यावर हात मारत हसत होत्या. भुताला नावाने हाका मारत होत्या, कारण त्यांनी त्याचं नावच ठेवलं होतं. साहेबही दोनदा फिसकन म्हणता येईल इतपत हसले. मला वाटलं, आता जमलं यांचं आणि प्रेक्षकांचं.

मग तो प्रसंग आला. कोठीतली खोली, खाटेवर आई आणि कुशीत मूल, दोघं झोपलेली. दार बंद. दाराखालच्या फटीतून पांढरा धूर आत आला. घाई न करता. फरशीवर पसरला, खाटेच्या पायांशी आला.

थेटर एकदम गप्प झालं. असं गप्प, की पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. साहेबांनी माझ्या कोपराला बोट लावलं. मला अंधारातही कळलं की त्यांना आनंद झाला आहे. मी स्टॉपवॉच दाबलं. ते दाबल्याचं मी आजवर विसरलेले नाही.

पहिल्यांदा कुणीतरी खोकलं. मग दुसऱ्या बाजूला कुणी. आमच्या पुढच्या बाईने मांडीवरच्या मुलाचं तोंड ओढणीत झाकून घेतलं आणि उठली. खुर्च्यांच्या बैठका आपटायचे आवाज सुरू झाले, इथून, तिथून. कुणी ओरडलं नाही. लोक ओळीने दाराकडे निघाले, मुलांना छातीशी धरून, पायांखाली बघत. पडद्यावर धूर खाटेवर चढत होता. काकूंच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. ती उठली नाही. काकूंना, की स्वतःलाच, ती म्हणाली, "ऐसे ही आई थी. दरवाज़े के नीचे से."

काकूंनी तिचा हात हातात घेतला. साहेबांनी वही मिटली.

त्यानंतर भूत आलं, जबडा अडकला, पण हसायला कुणी नव्हतं. मध्यंतरात काही लोक परतले, काही नाही. साहेब व्हरांड्यातल्या पायरीवर बसले होते. काकू त्यांच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं त्या समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात बावीस दिवस माणसं राहिली होती. मीसुद्धा हा धूर स्वयंपाकघरात पाहिला होता. माझ्याही डोक्यात आलं नाही." मग त्या म्हाताऱ्या बाईसाठी पाणी आणायला गेल्या.

साहेब उठून मॅनेजरच्या खोलीत गेले. मी मागे गेले. तेवढा प्रसंग काढून टाका, त्यांनी सांगितलं. मॅनेजर सभ्य माणूस होता. म्हणाला, रोज याच जागी लोक उठतात, मलाही दिसतं, पण सिनेमा माझा नाही. वितरकाचं पत्र हवं. साहेबांनी त्याच्याच टेबलावरचा कागद घेतला, पट्टीने समास आखला आणि लिहून दिलं की सदर धूर माझ्या हातून झालेला आहे व तो काढण्याची पूर्ण जबाबदारी माझी आहे. खाली सही, हुद्दा, क्वार्टर नंबर. तो कागद कुठल्याही कायद्यात बसत नव्हता. मॅनेजरने तो दोनदा वाचला आणि ऑपरेटरला हाक मारली.

ऑपरेटर पन्नाशीचा होता, डोळे सतत पुसणारा. कशासाठी बोलावलंय ते कळल्यावर तो म्हणाला, "मैं तो पहले दिन से यह सीन नहीं देखता, साहब. रील चढ़ाकर बाहर खड़ा हो जाता हूँ."

खेळ संपल्यावर आम्ही केबिनमध्ये गेलो. रील टेबलावर आली. ऑपरेटर सरळ कापायला निघाला, तर साहेबांनी थांबवलं. चित्र आणि आवाज फिल्मवर एकाच जागी नसतात, आवाज थोडा पुढे असतो, हे त्यांनी त्याच्याकडून समजून घेतलं आणि मग कुठे कापायचं ते पट्टी लावून ठरवलं. दोन टोकं जोडायला फिल्मचा वरचा थर खरवडावा लागतो. ते काम त्यांनी स्वतः केलं, खिशातल्या अर्ध्या ब्लेडने. हात अजिबात हलला नाही. ऑपरेटर त्यांच्याकडे बघून म्हणाला, हमारे यहाँ आ जाइए. साहेब म्हणाले, रिटायर झाल्यावर विचार करीन.

कापलेला तुकडा त्यांनी घरी ठेवला नाही. कुठून कुठवर कापला त्याचं मापासह ड्रॉइंग, कारण आणि तो तुकडा, सगळं रजिस्टर पोस्टाने वितरकाला पाठवून दिलं. तिकडून काय उत्तर आलं ते आम्हाला कधी दाखवलं नाही. काकूंचे भाऊ मात्र तणतणत आले. मित्रापुढे तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत, सिनेमातली एकच धड गोष्ट होती ती तुम्हीच कापलीत, असं म्हणाले. साहेबांनी ते मान्य केलं. म्हणाले, हो, एकच धड होती. भाऊ पाच-सहा वर्षं त्या घरी आले नाहीत. पुढे साहेब निवृत्त होऊन साकेत नगरला राहायला गेले, त्या वास्तुशांतीलाही आले नाहीत. काकूंनी त्याबद्दल नवऱ्याला बोल लावल्याचं मी ऐकलं नाही.

पण मला जास्त आठवतो तो कापल्याच्या दुसऱ्या दिवशीचा तीनचा खेळ. साहेबांना जोड नीट बसला की नाही ते बघायचं होतं, म्हणून आम्ही तिघं पुन्हा गेलो. वही नाही, स्टॉपवॉच नाही. तो प्रसंग आला. आई आणि मूल झोपलेली, दार बंद, आणि पुढच्याच क्षणी काहीही कारण नसताना आई किंचाळत उठते आणि समोर भूत तोंड वासून उभं. जोड कुठेही हलला नाही. गोष्टीला मात्र काही अर्थ उरला नव्हता. थेटर आधी चकित झालं आणि मग जे हसू लागलं ते थांबेचना. बायका डोळे पुसत होत्या. एक लहान मुलगी खुर्चीवर उभी राहून भुतासारखं तोंड उघडं ठेवून आपल्या आईला दाखवत होती.

आमच्या मागे दोन माणसं बसली होती, कपड्यांवरून गॅरेजमधली वाटणारी. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "पूरी फ़िल्म में डर कहीं है ही नहीं, यार. कल बच्चों को ले आऊँगा."

साहेब मागे वळले. त्या माणसाला वाटलं, आपल्या बोलण्याचा यांना त्रास झाला असावा, आणि तो माफी मागायला पुढे झुकला.

"शुक्रिया," साहेब त्याला म्हणाले, आणि पुन्हा पडद्याकडे तोंड करून बसले.